कळपातला ठिपका

“तो ठिपका त्याच दीर्घिकेतला आहे, हे तुला कुणी सांगितलं?”

माझे गाईड पुण्याहून ओरडत होते आणि कनेरगाव नाक्यावरच्या एसटीडी बूथमध्ये मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरून उभा होतो. अगदी हातभर नाही, बूथच तेवढा रुंद नव्हता. पण आवाज असा होता की समोरच्या ढाब्यावर तवा पुसणाऱ्या माणसानं वळून पाहिलं, वाशिमकडं निघालेल्या एका ट्रकनं ब्रेक मारला आणि बाभळीवरच्या बगळ्यांनी नाका सोडला. ते बगळे परत आले नाहीत. विचारा नाक्यावर कुणालाही.

“सर, दिसतोच आहे की त्यात.”

“दिसतो म्हणजे? खिडकीतून चंद्र दिसतो, म्हणून तो खिडकीत बसलाय का?”

मी “हॅलो, हॅलो” सुरू केलं. लाइन खराब असते याचा फायदा त्या काळातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत होता. दुर्दैवानं सरही एके काळी विद्यार्थी होते.

“हॅलो हॅलो करू नकोस. मोठ्या दुर्बिणीवर आपल्याला वेळ मिळालाय. गुरुवारी वर्णपट हातात येईल. अकरा वाजता फोन कर. तोवर कुणाला एक अक्षर सांगायचं नाही. सांगितलं नाहीस ना कुणाला?”

“छे, सर!”

काचेबाहेर माझा बा उभा होता. त्याच्या हातात हिंगोलीहून छापून आणलेल्या गुलाबी पत्रिकांचा गठ्ठा होता. वरच्या पत्रिकेवरची अक्षरं मला उलटी दिसत होती, तरी वाचता येत होती, कारण मजकूर मीच लिहून दिला होता. ‘आपल्या तांड्याच्या सुपुत्राने मध्यम वजनाचे कृष्णविवर शोधून काढल्याबद्दल भव्य सत्कार. गुरुवार, दुपारी बारा.’

म्हणजे माझ्या तीन वर्षांच्या कामाचा निकाल अकरा वाजता लागणार होता आणि त्याबद्दलची शाल मला बारा वाजता मिळणार होती. मधल्या एका तासात दोन कोस कच्चा रस्ता.

आता हे कुठून सुरू झालं ते सांगतो. आमचा तांडा नाक्यापासून दोन कोस आत, पुसेगावच्या अंगाला. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे. पणजोबांकडं लाख बैल होते, असं बा सांगतो. मी ते नव्वद हजारांवर आणून सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला खरं वाटतं. माझ्या वेळेपर्यंत त्यातले दहा उरले होते, दोन म्हशी होत्या, आणि ज्वारी-तुरीची कोरडवाहू जमीन. घरी आम्ही गोरमाटी बोलतो. इथं सगळ्यांना कळावं म्हणून मी आमच्या माणसांना नाक्यावरची मराठी बोलायला लावली आहे. त्यांची काही हरकत नाही. मी विचारलेलं नाही.

आमच्या घरची एक रीत होती. संध्याकाळी जनावरं परतली की काका दावणीला त्यांची मोजदाद करायचा, आणि कळपात जे उभं असेल ते मोजायचा. एखादं चुकार जनावर कळपाबरोबर आलं तर त्याला हाकलायचं नाही. वैरण टाकायची, पाणी दाखवायचं, आपल्यात धरायचं. मालक येईल तेव्हा येईल. याडी, म्हणजे माझी आई, म्हणायची, “मुकं जनावर हाय. तू कुणाचा म्हणून इचारलं तर ते काय सांगंल?” ही रीत माझ्या हाडात इतकी मुरली की पुढं मी आकाशात मोजायला बसलो तेव्हासुद्धा कळपात उभं दिसलं ते बेधडक आपलं म्हणून मोजलं. पुण्या-मुंबईच्या पोरानं ही चूक केली नसती. त्याच्या घरी परका बैल कधी आलेलाच नसतो.

नव्वदच्या दशकात मी हिंगोलीच्या कॉलेजात होतो. तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. तिथून मी पुण्याला गेलो आणि क्ष-किरणांच्या नादी लागलो. तांड्यावर बातमी पोचली की पोरगं एक्स-रे शिकून राहिलंय. पहिल्या दिवाळीला घरी आलो तर ओट्यावर गुडघे, कोपर आणि एक पाठ वाट पाहत बसली होती. मी सगळ्यांना हात लावून “दुखतंय” असं सांगितलं. ते इतकं बरोबर निघालं की दुसऱ्या दिवशी शेजारच्या तांड्यावरून माणसं आली.

खरं काम वेगळं होतं. आपली आकाशगंगा जशी ताऱ्यांची एक वस्ती आहे, तशा अगणित वस्त्या दूरदूर पसरल्या आहेत. त्यांना दीर्घिका म्हणतात. त्यांतल्या काहींच्या मध्यापासून बाजूला, कडेशिवाराला, क्ष-किरणांत अतोनात तेजस्वी असे एकटेदुकटे ठिपके दिसतात. ते नक्की काय आहेत हे तेव्हा कुणाला सांगता येत नव्हतं. क्ष-किरण हवेतून खाली येत नाहीत, म्हणून ते वरती उपग्रहावरची दुर्बीण टिपते आणि आकडे खाली पाठवते. ते आकडे पुण्याच्या कॉम्प्युटरवर भरदिवसा, पंख्याखाली बसून चाळायचे. माझ्या यादीत असे बरेच ठिपके होते, पण एक असा होता की बाकीचे त्याच्यापुढं विडीच्या ठिणग्या वाटाव्यात. त्याच्याकडून तीन वर्षांत आलेले किरणांचे कण, ज्वारीचे दाणे असते तर एका कोंबडीचं पोट भरलं नसतं. तेवढ्यावरून मी त्याची जन्मपत्रिका मांडली.

कंदील किती लांब आहे ते कळलं तर तो खरा किती मोठा ते काढता येतं. माझा ठिपका एका दीर्घिकेच्या कडेला दिसत होता. त्या दीर्घिकेचं अंतर पुस्तकात होतं. मी तेच अंतर ठिपक्याला लावलं आणि गणित केलं. तेज निघालं कोट्यवधी सूर्यांचं! मी गणित पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा केलं नाही. आवडलेलं उत्तर माणूस तिसऱ्यांदा तपासत नाही.

एवढं तेज कशाचं? कृष्णविवर आसपासचा वायू गिळतं, तेव्हा त्याच्या तोंडाशी प्रचंड उजेड होतो. इतका, की तो उजेडच पुढचा घास मागं ढकलायला लागतो. त्यामुळं प्रत्येक कृष्णविवराच्या खाण्याला त्याच्या वजनानुसार एक मर्यादा असते. साधं, दहा सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर एवढं खाऊच शकत नाही. दीर्घिकेच्या मधोमध लाखो-कोट्यवधी सूर्यांची अवजड धूडं असतात, पण माझा ठिपका मधोमध नव्हता. मग उरलं ते मधल्या वजनाचं. हजारभर सूर्यांचं. असं खात्रीनं कुणालाही सापडलेलं नव्हतं. जगात कुणालाच! मी घरी पत्र लिहिलं. पत्रात मी ‘कदाचित’ हा शब्द दोनदा लिहिला होता. बा नाक्यावर मोठ्यानं वाचून दाखवताना श्वास घ्यायला नेमका त्या दोन जागी थांबला.

या ठिपक्यावर माझा सगळा प्रबंध उभा होता. तो आपल्या दीर्घिकेतला आणि मध्यम वजनाचा ठरला तर मी डॉक्टर. नाही ठरला तर तीन वर्षं पाण्यात, आणि मग बानं बोलून ठेवलेली एका आश्रमशाळेतली विज्ञानशिक्षकाची जागा. ती महिनाअखेरपर्यंतच माझ्यासाठी राखलेली होती. दोन्हीकडं एक एक पाय ठेवून मी सुट्टीला आलो होतो.

त्या दिवशी बूथमधून बाहेर आलो तर बूथवाला म्हणाला, “कुणाचं काय चोरीला गेलं का, सर? साहेब ‘त्यातला कशावरून, त्यातला कशावरून’ करून राहिले होते.”

बा म्हणाला, “सायबाला शंका आलीय.”

“काहून?”

“शिकलेला माणूस हाय. येणारच.”

बा पत्रिका वाटायला नाक्यावरच थांबला आणि मी काकाच्या फटफटीवर मागं बसलो. काका म्हणजे बाचा धाकटा भाऊ. आमच्या घरातलं सगळं बोलणं बा आणि मी आपसात वाटून घेतलेलं असल्यामुळं काकाच्या वाट्याला फारसं आलं नव्हतं. जनावरांचं मात्र सगळं तोच बघायचा. अर्धा रस्ता गेल्यावर त्यानं मान न वळवता विचारलं, “चालतंय का ते?”

“काय?”

“तुझं ते. कळपासंग चालतंय का?”

“काका, ते इतकं लांब हाय की माणसाच्या हजार पिढ्या बघत बसल्या तरी हललेलं दिसायचं न्हाई.”

“बरं,” काका म्हणाला आणि खड्डा चुकवला.

मी हसलो. मग माझं हसू मधेच थांबलं. कारण गुरुवारी येणारा वर्णपट म्हणजे दुसरं काय होतं? जवळपास सगळ्या दीर्घिका आपल्यापासून लांब पळत आहेत. प्रत्येकीचा आपला वेग आहे, आणि तिच्यात राहणारं सगळं तिच्याबरोबर त्याच वेगानं पळतं. जितकं लांब, तितका वेग जास्त. ठिपक्याचा उजेड फोडून रंगांचा पट्टा केला की त्यातल्या रेघा किती सरकल्यात त्यावरून त्याचा वेग कळतो. दीर्घिकेचा वेग आणि ठिपक्याचा वेग एक निघाला, तर तो त्या कळपातला. नाही निघाला, तर नुसता त्या कळपात उभा दिसणारा. ही गोष्ट मला परिभाषेसकट माहीत होती. फक्त ती माझ्या ठिपक्याला लागू पडेल असं कधी वाटलं नव्हतं.

आणि मला पांढरा बैल आठवला.

मी चौथीत असताना एका संध्याकाळी आमच्या कळपात एक पांढराशुभ्र बैल आला. इतका पांढरा की त्याच्या उजेडात याडी ज्वारी निवडायची. काकानं मोजले, दहाचे अकरा झाले. महिनाभर मी त्याला माझ्या हातानं वैरण घातली, घुंगरू बांधलं, नाव ठेवलं. मग एका सकाळी काकानं सगळ्यांची दावी सोडली आणि कळप फाट्यापर्यंत नेला. तिथून एक वाट आमच्या पाणवठ्याला जाते आणि एक पुसेगावला. काका बाजूला उभा राहिला. हाकललं नाही, शीळ घातली नाही, काहीच नाही. दहा बैल पाण्याकडं वळले. पांढरा पुसेगावच्या वाटेला लागला. थांबला नाही, वळून बघितलं नाही. मी त्याच्यामागं पुसेगावच्या वेशीपर्यंत पळत गेलो. ते अंतर किती ते सांगत नाही, तुमचा विश्वास बसणार नाही. तिथं एका घरापुढं तो आपसूक जाऊन उभा राहिला आणि आतून एक म्हातारी त्याच्या अंगावर हात फिरवत रडायला लागली. मी घुंगरूसुद्धा न सोडता परत आलो.

हे आठवल्यावर माझा जो गोंधळ सुरू झाला तो गुरुवारपर्यंत थांबला नाही. एकटाच गोंधळायचं म्हणजे कंटाळा येतो, म्हणून मी तो तांडाभर वाटला. बुधवारी दुपारी नायकाच्या ओट्यावर (नायक म्हणजे आमच्या तांड्याचा प्रमुख) मी सगळ्यांना समजावून सांगितलं की हा ठिपका काय काय असू शकतो. एक, मध्यम वजनाचं कृष्णविवर. दोन, साधंच कृष्णविवर, पण बॅटरीचा झोत तोंडावर मारावा तसा त्याचा उजेड नेमका आपल्याकडं रोखलेला, म्हणून उगीच मोठं वाटणारं. तीन, नुकत्याच फुटलेल्या ताऱ्याची तापलेली राख. चौथी शक्यता मी सांगितली नाही. विसरलो म्हणा.

दहा मिनिटांत तांड्यात पक्ष पडले.

“बॅटरीच हाय ती,” बूथवाला म्हणाला. तो मांडवाचं बघायला म्हणून नाक्यावरून आला होता. “परवा एक जीप समोरून आली. मला वाटलं ट्रक हाय. एवढा उजेड! जवळ आली तर एकच दिवा चालू. त्योबी टपावरचा.”

“राख असंल तर दोन-चार वर्सांत इझंल,” नायक म्हणाला. “तीन वर्स झाली, इझलं का?”

“न्हाई, पण कमी-जास्त होतं.”

“कमी-जास्त व्हतं म्हंजे खातंय. कधी पोटभर मिळतं, कधी न्हाई. जितं हाय ते!”

हे मात्र अगदी बरोबर होतं. पुण्यात हाच मुद्दा मांडायला मला अठरा पानं लागली होती. मी नायकाकडं आदरानं पाहिलं, तर तो तंबाखू मळत पुढं म्हणाला, “पण ते गिळतं, तर मग उजेड देतं कसं? मी गिळतो, मला कुठं उजेड पडतो?”

“त्याच्या तोंडाशी पडतो, नायक. आत गेल्यावर न्हाई.”

“म्हंजे चुलीवानी?”

“व्हय, चुलीवानी.”

“मग राखच म्हण की!”

आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. बाचा मुद्दा एकच होता आणि त्यापुढं कुणाचं चालत नव्हतं: “पत्रिकेत मध्यम छापलंय.” मी घटकाभर मध्यम पक्षात असायचो, घटकाभर बॅटरीच्या आणि चहा झाला की राखेच्या. प्रत्येक पक्षाचं मला पटायचं. काका गोठ्यात बसून दोर वळत होता. त्याला कुणी विचारलं नाही, आणि मी तर मुद्दामच विचारलं नाही.

गुरुवारी साडेदहालाच तांड्यावर कर्णा वाजायला लागला. काकाची फटफटी मला घेऊन पावणेअकराला नाक्यावर पोचली. बूथला कुलूप! शेजारच्या पानवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, “त्यो तुमच्याच सत्काराला गेला न्हाई का!”

नाक्यावर दुसरा फोन नव्हता, म्हणजे होता, पण तो तीन महिने मुका होता. काका फटफटी वळवून तांड्यावर गेला आणि बूथवाल्याला मागं बसवून घेऊन आला. बूथवाल्यानं नवा सदरा घातला होता, कपाळाला गुलाल होता. “सर, तुमच्यासाठी पयल्या रांगेत जागा धरून बसलो होतो,” असं म्हणत त्यानं चार खिसे चाचपले, पाचव्यात किल्ली सापडली. साडेअकरा झाले होते. पुण्याचा नंबर पाच वेळा लागला नाही. सहाव्या वेळी लागला, आणि सर ओरडले नाहीत.

“कुठं आहेस? बस जरा.”

“बूथमध्ये बसायला जागा नाही, सर.”

“मग उभ्यानं ऐक. तुझा ठिपका त्या दीर्घिकेपेक्षा कितीतरी पट वेगानं चाललाय. तो तिच्यातला नाहीच. तिच्या मागं, फार फार लांब आहे. क्वेसार आहे. दुसऱ्याच कुठल्यातरी दीर्घिकेच्या पोटातलं अवजड कृष्णविवर. आपल्या दीर्घिकेच्या कडेआडून दिसतंय, एवढंच.”

“म्हणजे मध्यम नाही.”

“नाही. आणि आपलं नाही. असे क्वेसार हजारोंनी माहीत आहेत.” त्यांनी कागद चाळल्याचा आवाज आला. “ऐक. तुझ्या यादीत बाकीचे ठिपके आहेत. त्यांतले खरोखर त्या त्या दीर्घिकेचे किती आणि मागून डोकावणारे किती, हे कुणी नीट तपासलेलं नाही. कंटाळवाणं काम आहे. पेपरात नाव यायचं नाही. सोमवारी येतोयस, की त्या शाळेत लागतोयस?”

मी तोंड उघडलं आणि लाइन तुटली. या वेळी खरंच तुटली. सरांना आजही ते खोटं वाटतं.

परत येताना फटफटीवर काका, मी आणि बूथवाला, असे तिघं होतो. तांड्यावर मांडव भरला होता. शेजारच्या दोन तांड्यांची माणसं आली होती. मी म्हणेन दहा हजार होती, तुम्ही दोनशे धरा. बा माईकवर होता. “आमच्या पोरानं जे शोधलंय ते साऱ्या जगात कुणालाबी घावलेलं न्हाई!” टाळ्या. मला खुर्चीवर बसवलं, नायकानं खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि माईक तोंडापुढं धरला. समोर याडी बसली होती. पदर तोंडाला लावून, डोळे मोठे करून. पन्नास थापा माझ्या जिभेवर रांग लावून उभ्या होत्या. त्यांतली कोणतीही मी सांगितली असती तरी दुपारचं जेवण सुखाचं झालं असतं. पण शालीखाली मला त्या पांढऱ्या बैलाचं घुंगरू ऐकू आलं. मी चक्क खरं बोललो.

“मंडळी, आत्ताच पुण्याला बोललो. माझी चूक झाली. त्यो ठिपका त्या दीर्घिकेतला न्हाई.”

कर्ण्यानं ते वाक्य पार शिवारभर नेलं.

“मग कुठला हाय?” नायकानं विचारलं.

“मागचा. लई लांबचा.”

“किती लांबचा?”

“ती दीर्घिका नाक्यावर धरली, तर ह्यो दिल्लीच्याबी पल्याड.”

“आन तरी हितून दिसतोय?”

“व्हय.”

“म्हंजे त्याचा उजेड कमी का जास्त?”

माझ्या लक्षात आलं की आपण कुठं चाललोय, पण आता मागं फिरायला वाट नव्हती. “जास्त. कितीतरी जास्त.”

“आन वजन?”

“कोट्यवधी सूर्य असंल.”

“म्हंजे मध्यम न्हाई?”

“न्हाई. थोर हाय.”

नायक सभेकडं वळला. “ऐकलं का? पोरानं मध्यम सांगितलं हुतं, निघालं थोर!”

आणि मांडव कोसळेल अशा टाळ्या पडल्या. कुणीतरी डफ वाजवायला घेतला. मी माईकमध्ये ओरडत होतो, “अहो, पण असले हजारो सापडलेत! ह्यात माझं काहीच न्हाई! माझा प्रबंध गेला!” बूथवाला पहिल्या रांगेतून ओरडला, “हजारो असतील, सर! पण आपल्या नाक्यावरून फोन लावून काढलेलं ह्ये एकच!” बा तर पत्रिकांचा उरलेला गठ्ठा मांडीवर घेऊन पेनानं एकेक ‘मध्यम’ खोडत होता आणि वर ‘थोर’ लिहीत होता. मी आयुष्यभर थापा मारल्या आणि लोकांनी त्यांत पाणी किती ते बरोबर ओळखलं. आयुष्यात पहिल्यांदा भर सभेत खरं सांगितलं, तर त्याचीच सगळ्यांत मोठी थाप झाली, आणि ती सगळ्यांना आवडली. नारळ हातात घेऊन मी उभा होतो. रडायचं की हसायचं ते कळत नव्हतं, म्हणून मी नारळाकडं बघत राहिलो. जेवताना याडीनं मला विचारलं, “चांगलं झालं का वाईट?” मी म्हणालो, “याडी, मला ठावं न्हाई.” ती म्हणाली, “मग आधी जेव,” आणि ताटात अजून एक बट्टी टाकली.

आश्रमशाळेचं काय करायचं ते बानंच परस्पर ठरवून टाकलं. “थोर माणूस तितं काहून जाईल?” असं म्हणून त्यानं ती जागा नायकाच्या पुतण्याला सोडली. मी त्याला समजावायला गेलो की आता माझ्याकडं ठिपकाही नाही, शोधही नाही, फक्त एक कंटाळवाणी यादी आहे. तो म्हणाला, “यादीत बी एखादं थोर निघंल.” त्याला कसं सांगणार, की त्या यादीतलं जेवढं थोर निघेल तेवढं मला खोडायचं होतं!

सोमवारी सकाळी काकानं मला नाक्यावर सोडलं. हिंगोलीला जाणारी काळी-पिवळी जीप भरायची होती. बारा माणसांची जीप बावीस झाल्याशिवाय हलत नसे, आणि आम्ही नऊच होतो. माझ्या पिशवीत ती यादी होती, शाल होती आणि नारळ होता. त्या यादीकडं बघितलं की मला प्रत्येक ठिपक्याच्या गळ्यात घुंगरू दिसायचं आणि हा आपला की पुसेगावचा, असं व्हायचं. तरी मी निघालो होतो. काहून निघालो होतो, ते मला नीट सांगता आलं नसतं.

काका फटफटीला टेकून उभा होता.

मी म्हणालो, “काका, त्या पांढऱ्या बैलाला मी महिनाभर माझ्या हातानं चारलं होतं. तू बी त्याला रोज आपल्यात मोजत होतास. त्यो फाट्यावर तिकडं वळला तवा तुला कायच वाटलं न्हाई?”

काकानं फटफटीला किक मारली. ती चालू झाली नाही. त्यानं दुसरी मारली.

“बैल पुसेगावचा होता,” तो म्हणाला.